आजोबा वाचले म्हणून कालप्रवास अशक्य? काहीतरीच!

तिरकस: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'भूतकाळात जाऊन आजोबांना मारलं तर नातू जन्मणारच नाही. म्हणून कालप्रवास तर्कानेच बाद. विषय संपला.' कसला संपतोय! यातून एवढंच निघतं की नातवाने आजोबांना मारलेलं नाही. तो तिथे गेलाच नाही, हे कुठून काढलंत? तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने 1976 मध्येच हे मांडून ठेवलंय. बंदूक आहे, नेम आहे, तरी गोळी अडकेल, पाय घसरेल. भूतकाळात हजर असणं वेगळं आणि तो बदलणं वेगळं.

साशंक: ते लिहिणारा मीच. हजार नातू पाठवले तर हजारदा पाय घसरणार? कोण घसरवतं?

तिरकस: कोणी नाही. ज्यांचे आजोबा वाचले तेच नातू तुम्ही निवडून पाठवलेत. सगळे हात हलवत परत आले तर नवल कसलं?

फिरतं_विश्व: तर्कशास्त्रज्ञ गोडेलने 1949 मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांचं असं उत्तर काढलं की ज्यात पुढे जात जात स्वतःच्या भूतकाळात पोचता येतं. आपलं विश्व तसं नाही, हे खरं. पण तर्काला धक्का लागला नाही ना? हॉकिंगने 1992 मध्ये कालप्रवासाला विरोध केला, तोही भौतिकीच्या जोरावर.

साशंक: बरं बाबा, 'तर्काने बाद' मागे. 'हास्यास्पद' कायम.

उगाचच: हॉकिंगने 2009 मध्ये कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली, आमंत्रण पार्टी झाल्यावर जाहीर केलं. कुणी फिरकलं नाही. घ्या पुरावा.

तिरकस: मलाही अनोळखी लोकांच्या पार्ट्या आवडत नाहीत.

वैतागलेली: भूतकाळ राहू द्या हो. माझ्या भावाला एका भविष्यवाल्याने सांगितलं, 'यंदा नापास होणार.' पठ्ठ्याने पुस्तकंच मिटली. झाला नापास! आणि घरचे त्या माणसाचे पाय धरायला तयार, 'बघा, अचूक सांगितलं!' अजून डोकं फिरतं माझं.

जे_व्हायचं_ते: ताई, नापास होणं ठरलेलंच होतं तर अभ्यास केला काय, न केला काय?

वैतागलेली: मग आजारी पडाल तेव्हा औषध घेऊ नका, दादा. हा आळशी युक्तिवाद ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिसिपसने दोन हजार वर्षांपूर्वीच मोडलाय. बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्यातच आलं.

जे_व्हायचं_ते: म्हणजे ठरलेलं असतं, हे मान्य!

वैतागलेली: हो, मान्य. तुमचं न वाचता उत्तर देणंही ठरलेलंच होतं.

फिरतं_विश्व: अहो, आपण आजोबांवर होतो...

साशंक: राहू द्या आजोबा. खरी गोम भावाच्या गोष्टीत आहे. भविष्य ज्याचं त्यालाच सांगितलं की घोटाळा. 'तू डावा हात उचलणार' म्हणा, मी मुद्दाम उजवा उचलेन. म्हणजे कधीच न चुकणाऱ्याला तोंड बंद ठेवावं लागणार.

तिरकस: नाहीतर ऐकूनही तुम्ही जे कराल तेवढंच तो सांगेल. भावाचं तसंच झालं. तुमचंही सांगू? यावर उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही.

साशंक: मुळीच देणार नाही.