भाताला वेगळं यंत्र कशाला? विजेचा राइस कुकर हवा की नको

लालबागची लेक

आमच्या घरात या विषयावरून महिनाभर वाद चाललाय, म्हणून इथे मांडते. आई 74 वर्षांची आहे, लालबागच्या चाळीतल्या खोलीत एकटी राहते. हल्ली ऐकू कमी येतं. दोन महिन्यांपूर्वी तिने कुकर लावला आणि गॅलरीत मेथी निवडत बसली. शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. कुकरमधलं पाणी आटलं, रबर जळलं, भाताचा डबा बुडाशी काळा ठिक्कर पडला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं.

त्याच आठवड्यात मी तिला विजेवरचा एक लिटरचा राइस कुकर आणून दिला. तांदूळ धुवायचे, पाणी घालायचं, खटका खाली दाबायचा. भात झाला की खटका आपोआप वर येतो आणि लाल दिव्याच्या जागी पिवळा लागतो. आईला खटक्याचा टक आवाज ऐकू येत नाही, पण दिव्याचा रंग खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतो. समजा ती विसरून झोपली, तरी काही बिघडत नाही.

मोठ्या बहिणीचं म्हणणं, "नुसत्या भातासाठी दीड-दोन हजार? हे चोचले." मला हे अजिबात पटत नाही. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं स्वयंपाक करतं, त्या घरात हे यंत्र मिक्सरच्या आधी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

गोरेगाव पूर्व

ताई, आईंच्या बाबतीत जे झालं ते वाचून धस्स झालं. तरी मी तुमच्या बहिणीच्या बाजूने आहे.

आपल्याकडे नुसता भात खातं कोण? आपण "कुकर लावते" म्हणतो तेव्हा त्यात अख्खं जेवण असतं. माझा रोजचा कुकर सांगते. खालच्या डब्यात हळद-हिंग घालून तुरीची डाळ, मधल्यात भात, वरच्यात भाजीसाठी बटाटे नाहीतर दुधी. पावणेसातला लावते, चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. कुकर पडेपर्यंत माझी अंघोळ होते. डाळ घोटून फोडणी दिली की आठच्या गाडीला मी मोकळी. एकाच आचेवर तीन पदार्थ होतात. राइस कुकर अर्धा तास घेणार आणि भातच देणार. तूरडाळ त्यात नीट शिजत नाही, कारण आत दाब नसल्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. प्रेशर कुकरमध्ये ते 120 च्या आसपास पोचतं, म्हणून डाळ लोण्यासारखी होते. म्हणजे वरणासाठी पुन्हा दुसरा कुकर आलाच.

शिवाय आमचा ओटा सहा फुटांचा. त्यावर शेगडी, मिक्सर, पाण्याचा फिल्टर. अजून एक वायरवालं भांडं कुठे ठेवू?

आईंसाठी इंडक्शन का नाही घेतली? इंडक्शनवर चालणारा स्टीलचा प्रेशर कुकर ठेवायचा, वीस मिनिटांचा टायमर लावायचा. वरण-भात दोन्ही होतं आणि आच आपोआप बंद होते.

लालबागची लेक

इंडक्शनचा विचार सगळ्यात आधी केला होता. पण तिची बटणं गुळगुळीत काचेवर असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आईला त्यावरची बारीक अक्षरं लागत नाहीत, आणि ओलं बोट लागलं की भलतंच काहीतरी चालू होतं. दुसरं म्हणजे 2000 वॅटच्या शेगडीला 16 अॅम्पियरचा जाड पिनांचा प्लग लागतो. चाळीतलं वायरिंग जुनं, तिथे मला ते जोखमीचं वाटलं. हा राइस कुकर 400 वॅटचा आहे, पंख्या-मिक्सरच्या साध्या प्लगवर चालतो.

आणि टायमर घड्याळ बघून थांबतो. पाणी घालायचंच राहिलं तरी तो वीस मिनिटं आच देतच राहणार. राइस कुकर आतलं पाणी संपलं की थांबतो. माझ्यासाठी सगळा फरक तिथे आहे.

मुलुंडचे दुरुस्तीवाले काका

मी बरीच वर्षं मिक्सर, इस्त्री, कुकर दुरुस्त करतोय. ताई म्हणतात ते खरं आहे, फक्त ते कसं होतं ते सांगतो, म्हणजे विश्वास बसेल.

भांडं उचललंत की तापणाऱ्या पाटाच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक गोल चकती दिसेल. साध्या खटक्याच्या कुकरमध्ये तिच्या आत लोहचुंबक आणि एक खास मिश्रधातू असतो. खटका दाबला की दोघं एकमेकांना चिकटतात आणि वीज चालू राहते. भांड्यात पाणी आहे तोवर बूड 100 अंशांच्या फार वर जात नाही. तांदळाने पाणी पिऊन संपवलं की बूड झपाट्याने तापायला लागतं. 103 अंशांच्या आसपास त्या मिश्रधातूचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग त्याला सोडवते आणि खटका वर उडतो. यात ना घड्याळ, ना चिप. म्हणूनच साधा खटक्याचा कुकर वर्षानुवर्षं चालतो आणि माझ्याकडे क्वचितच येतो.

येतो तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "भात कच्चा राहतो" किंवा "खाली लागतो". उघडून बघावं तर चकतीवर नाहीतर पाटावर एक वाळलेलं शीत चिकटलेलं असतं. तेवढ्याने भांडं तिरकं बसतं आणि चकतीला उष्णता बरोबर कळत नाही. तेव्हा आईंना दोन गोष्टी सांगा. भांडं ठेवण्याआधी त्याचं बूड बाहेरून कोरडं पुसायचं आणि चकतीवरून बोट फिरवून बघायचं. अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकून दोन पिनांवर कधीही चालवू नका.

परळचो मालवणी

तुम्ही सगळे कुठला कुकर बरा यावर भांडताय, पण भात असा करतच नाहीत हे कोणी बोलेल की नाही?

आमच्याकडे उकड्या तांदळाचा भात. टोपात भरपूर पाण्याचं आधण ठेवायचं, पाणी खळखळलं की तांदूळ वैरायचे. मधूनमधून एक शीत काढून दोन बोटांत दाबायचं. आत कणी लागली नाही की वर वेळणी धरून टोप आडवा करायचा आणि पेज काढून घ्यायची. सकाळी त्या पेजेत मीठ आणि चार शितं, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा. भाताचा सगळा कस त्या पेजेत उतरतो. उकड्या तांदळाला एवढं पाणी आणि एवढा वेळ लागतो की विजेच्या कुकरच्या झाकणातून पांढरं पाणी ओट्यावर उतू जातं. आमच्या मुलाने आणला होता एक, मी स्वतः पाहिलंय.

मुंबईत येऊन आपण उकडा तांदूळ सोडला, पेज सोडली, आता शीत दाबून बघायचंही सोडणार. मला याचं खरंच वाईट वाटतं.

अंधेरीतला भाडेकरू

काका, तुमची पेज डोळ्यांसमोर आली. पण मी जिथे राहतो तिथे घरमालक गॅस ठेवू देत नाही. आम्ही तिघं, आणि एक राइस कुकर. तो नव्हता तेव्हा रोज रात्री वडापाव नाहीतर बाहेरची थाळी. आता मूगडाळीची खिचडी होते. "भातच होतो" हे बरोबर नाही, मूगडाळ 100 अंशांवर छान शिजते. वरच्या जाळीत अंडी किंवा रताळी उकडून निघतात. गेल्या वर्षभरात घरचं म्हणावं असं जे काही खाल्लं ते याच भांड्यातलं.

गोरेगाव पूर्व

मूगडाळ मान्य. तुरीचं काय? आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. या कुकरमुळे भात दिवसभर तसाच ठेवायची सवय लागते. माझ्या नणंदेकडे सकाळचा भात कुकर बंद करून त्यातच रात्रीपर्यंत पडून असतो, वर "झाकलेला आहे ना" म्हणते.

सायनची आहारतज्ज्ञ

यावर बोलायलाच हवं. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूंची बीजं असू शकतात आणि ती शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. पिवळा दिवा चालू असेल आणि भात 60 अंशांच्या वर गरम राहत असेल तर काही तास हरकत नाही. पण बटण बंद करून, झाकण लावून, मुंबईच्या दमट हवेत दिवसभर ठेवलेला भात खाऊ नका. यात दोष कुकरचा नाही, पातेल्यातला भातही तसाच नासतो.

उद्या फोडणीचा भात करायचा असेल तर जेवण झाल्यावर उरलेला भात ताटात पसरून निववा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने दाणा कडक होतो, त्यामुळे फोडणीतही तो मोकळा राहतो.

पार्ल्याची इंद्रायणीवाली

मी सहा वर्षं राइस कुकर वापरतेय आणि आता दुसरं काही वापरणार नाही. ज्यांचा भात बिघडतो त्यांचं बहुतेक माप चुकतं. सोबत येतं ते मापटं साधारण 180 मिलीचं असतं. लोक तांदूळ त्याने मोजतात आणि पाणी घरातल्या पेल्याने. दोन्ही एकाच मापाने मोजा. भांड्यातल्या रेघा प्रत्येक तांदळाला चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा. माझा हिशोब: जुन्या कोलमला दुप्पट आणि वर थोडं, इंद्रायणीला दुपटीपेक्षा कमी, नव्या तांदळाला त्याहून कमी. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवायचे. खटका वर आल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, वाफ जिरू द्यायची. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची, आंबेमोहोराच्या वंशातली. ती प्रेशर कुकरमध्ये फार गिचका होते. इथे मऊ होते, तरी शीत शाबूत राहतं आणि घरभर वास सुटतो.

मालवणी काकांना एक सांगावंसं वाटतं. शीत दाबून बघणारा हात या यंत्रामागेही आहे. 1955 मध्ये जपानात तोशिबाने आपोआप बंद होणारा विजेचा कुकर बाजारात आणला. तो घडवला योशितादा मिनामी या लहान कारखानदाराने, आणि भात शिजवून शिजवून त्याच्या चाचण्या घेतल्या त्याच्या बायकोने, फुमिकोने. चुलीवर भात नेमका किती वेळ उकळला की होतो, हे तिने मोजून काढलं. त्या पहिल्या कुकरमध्ये बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं, ते आटलं की तापमान चढायचं आणि खटका पडायचा. बाईच्या हाताला जे कळत होतं तेच त्या यंत्रात उतरलंय.

परळचो मालवणी

हे ठाऊक नव्हतं. त्या बाईला नमस्कार. तरी माझा टोप टोपच.

लालबागची लेक

गोरेगावच्या ताई, तुरीचं उत्तर देते. रविवारी मी आईकडे जाते तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत प्रेशर कुकर लागतो. शिजलेल्या डाळीचे तीन लहान डबे, दोन फ्रीझरमध्ये, एक खाली. ती एक काढते, टोमॅटो घालून आमटी करते. मधल्या दिवसांत ती मुगाचं वरण पातेल्यात शिजवते आणि तेवढा वेळ शेगडीसमोरच बसते. अडचण आहे, नाही असं नाही. पण एकटीला आता कुकरची शिटी मोजावी लागत नाही.

गोरेगाव पूर्व

माझ्या ओट्यावर हा येणार नाही, सकाळी मला तीन डबेच लागतात. पण सासरे नायगावला एकटे असतात आणि गॅस बंद केला की नाही बघायला दोनदा जिना चढून परत येतात. दुकानदार म्हणतो 1.8 लिटरचा घ्या, पाहुणे आले तर बरा. एका माणसाला कुठला घेऊ?

लालबागची लेक

एक लिटरचाच घ्या. मोठ्या भांड्यात एकच मापटं तांदूळ टाकले की ते बुडाशी पातळ पसरतात, आणि खालचा थर सुकून खरवड धरतो. आणि साध्या खटक्याचाच बघा, दिवे लांबून दिसतील असा.