मदत हवी आहे : आईला घेऊन दिल्लीला, विमान पुण्याहून की हैदराबादहून?

मंडळी, सोलापूरहून आईला भावाकडे दिल्लीला न्यायचंय. वय ७२, गुडघे धरलेले. मागच्या खेपेला एका मोठ्या शहराच्या विमानतळावर फार हाल झाले. व्हीलचेअर आधी सांगूनही पाऊण तास पत्ता नाही, बसायला खुर्ची नाही. शेवटी आईने जमिनीवरच फतकल मारून कडक भाकरी अन् शेंगाचटणीची पुडी सोडली. (तपासणीत ती पुडी दोनदा हुंगली, ते वेगळंच!)

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, पण आम्हाला गाठायचीय दिल्ली. पुण्यापर्यंत वंदे भारत आहे. स्टेशनवरून लोहगावच्या विमानतळावर आईला कसं न्यायचं? अलीकडे कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल, तर व्हीलचेअर दारापासूनच मिळते का, तेवढं सांगा.