उद्यम नोंदणी रद्द केल्याचं पत्र मागताहेत. देऊ का?

शिरोली_टर्निंग

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, सात माणसं. बाबांनी सुरू केलं, चार वर्षांपासून मी बघते.

आमचं साठ टक्के काम एकाच मोठ्या कंपनीचं. महिन्याला साधारण 5 लाखांचे शाफ्ट आणि बुश जातात, वर जीएसटी. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पैशांची मुदत 90 दिवस छापलीय, पैसे येतात 120व्या दिवशी. ईएन-8 पोलादाचा बार मात्र मी रोखीने आणते. बिल केलं की बारवरचं क्रेडिट वजा जाता उरलेला जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला माझ्या खिशातून. 22-23 लाख कायम बाहेर असतात. नव्वद दिवसांवरची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये (किती उचलता येईल त्या मर्यादेत) धरत नाही, त्यामुळे सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) पूर्ण वापरूनही पगाराच्या आठवड्यात जीव टांगणीला लागतो. गेल्या दिवाळीत माणसांचा बोनस मी बांगड्या गहाण ठेवून दिला.

आता त्या कंपनीच्या परचेसवाल्यांनी निरोप दिलाय: उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द करा आणि तसं पत्र द्या, नाहीतर पुढच्या महिन्यापासून शेड्यूल दुसरीकडे जाईल. लेखी काही नाही, फोनवर. बाबा म्हणतात देऊन टाक, काम टिकलं पाहिजे. मला रात्रभर झोप नाही. कोणी सांगाल का, हे पत्र दिल्यावर नेमकं काय जातं?

जमाखर्च

ताई, पत्र देऊ नका. मी सीए आहे, 2024 च्या मार्चपासून असे फोन बरेच आले.

ते का मागताहेत, हे आधी समजून घ्या. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात कलम 15 आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करार नसेल तर 15. पीओवर 90 छापले म्हणून 90 होत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे सतरा-अठरा वर्षं कागदावरच होतं, कारण तुमच्यासारखं कोणी मागायला जातच नाही. मग प्राप्तिकरात 43बी(एच) आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही. म्हणजे 31 मार्चला तुमची मुदत टळलेली बाकी त्यांच्या उत्पन्नात मिळून त्यावर कर बसतो. तुमची नोंदणी गेली की त्यांचा हा भार उतरतो. तुमच्या पैशांना होणारा उशीर तसाच राहतो.

तुमचं काय जातं? व्याजाचा हक्क, तक्रारीचा हक्क, नोंदणीवर मिळणाऱ्या कर्जाच्या सवलती. पुन्हा नोंदणी केलीत तरी मधल्या मालाचा हक्क वादात सापडेल. आणि नोंदणी चालू ठेवून ‘रद्द केली’ असं पत्र दिलंत, तर ते खोटं ठरेल.

एक प्रश्न: रिजेक्शन किती दिवसांनी कळवतात?

शिरोली_टर्निंग

तीन महिन्यांनी डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचा कागद) येते कधीकधी. माल परत येतच नाही.

जमाखर्च

माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल, तर कायद्याने माल स्वीकारला असं धरतात. जीआरएनच्या (त्यांना माल मिळाल्याच्या नोंदीच्या) तारखा आणि डेबिट नोटांच्या तारखा शेजारी शेजारी मांडा.

गोकुळ_शिरगावकर

पोरी, मी याच धंद्यात तीस वर्षं काढली. सीए साहेब कायद्याचं बरोबर सांगतात, पण बाबांची भीतीही खरी आहे. सरकारच्या समाधान पोर्टलवर मी एकदा थकलेल्या पैशांची तक्रार घातली होती. पैसे मिळाले, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही. म्हणून साठ टक्के एकाकडे असताना मी पहिली चाल तक्रारीची करणार नाही.

तू परचेसला सोड, फायनान्सवाल्यांकडे वेळ माग. त्यांची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी त्यांना बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एम1एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट, कुठलंही एक. त्यांनी तुझं बिल तिथं मान्य केलं की बँका बोली लावतात, वजावट होऊन पैसे एक-दोन दिवसांत तुझ्या खात्यात. व्याज त्यांच्या पतीवर ठरतं, तुझ्या नाही, आणि त्यांनी बुडवलं तरी बँक तुझ्याकडे येत नाही. फक्त नोंदणी असून भागत नाही, बिल मान्य करायला त्यांचं बटण दाबावं लागतं. तेच मागायला जा. आणि तिथं विक्रेता म्हणून बसायला उद्यम लागतं, हे कारण पत्र नाकारायला पुरेसं आहे. कुणाचा अपमान होत नाही.

दुसरं काम शोधायला मात्र आजपासून लाग. मी पंपवाल्यांचे इम्पेलर धरले तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाची भीती गेली.

शिरोली_टर्निंग

काका, हे मला सुचलंच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण जुन्या चलनांचा गठ्ठा कपाटातून त्यांनीच काढून दिला.

पत्र देत नाही. सोमवारी फायनान्सला मेल करते, ट्रेड्सचं विचारते. जीआरएनच्या तारखा लावायला घेतल्यात. फेब्रुवारीच्या तीन डेबिट नोटा मुदतीबाहेरच्या निघाल्या. त्यांचं काय करायचं, सीए साहेब?