बर्फ ढकलणाऱ्या गार्डन ट्रॅक्टरला पुढे घरगुती वजन कसे बसवावे?

प्रश्न

माझ्या गार्डन ट्रॅक्टरला पुढच्या बाजूस बर्फ ढकलण्याचे पाते आहे. पाते सरळ असताना काम नीट चालते. परंतु बर्फ उजवीकडे पडावा म्हणून ते तिरपे केले की ट्रॅक्टरचे नाक डावीकडे ढकलले जाते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवूनही पुढची चाके घसरत राहतात. मागच्या चाकांना साखळ्या आहेत. घरीच काँक्रीटचा ठोकळा ओतून तो पुढच्या बंपरवर बसवण्याचा विचार आहे. वजन किती असावे?

उत्तर १

वजन किती यापेक्षा ते कोठे बसते याचा विचार आधी करावा, कारण पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे ठेवलेले वजन मागच्या चाकांवरील भार कमी करते आणि बर्फ ढकलण्याची सगळी ताकद तर त्याच चाकांतून येते. समजा, दोन्ही अ‍ॅक्सलमधील अंतर 120 सेंटिमीटर आहे आणि 30 किलोचा ठोकळा पुढच्या अ‍ॅक्सलपासून 40 सेंटिमीटर पुढे आहे. अशा वेळी पुढच्या चाकांवर 40 किलो भार वाढतो, पण मागच्या चाकांवरचा 10 किलो भार उचलला जातो. तोच ठोकळा अ‍ॅक्सलच्या बरोबर वर बसला, तर पुढे पूर्ण 30 किलो मिळतात आणि मागचे काहीच जात नाही. म्हणून बंपर टाळून चेसिसच्या दोन्ही बाजूंना, अ‍ॅक्सलच्या शक्य तितक्या जवळ, वजन विभागून लावावे असे माझे ठाम मत आहे. बंपरशिवाय जागाच नसेल, तर गेलेला भार मागच्या चाकांच्या रिमवर वजने लावून भरून काढावा.

उत्तर २

काँक्रीट स्वस्त असले तरी जागा फार खाते. त्याची घनता घनमीटरला साधारण 2400 किलो, तर पोलादाची 7850 किलो. त्यामुळे 30 किलोसाठी काँक्रीट साडेबारा लिटर लागते आणि पोलाद चार लिटरपेक्षाही कमी. इंजिनला थंड हवा पुढच्या जाळीतून मिळत असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण जाळीसमोर ठोकळा आला की इंजिन तापणार. जाड पोलादी पट्ट्या एकावर एक रचून आरपार बोल्टने आवळल्या, तर गरजेप्रमाणे एखादी पट्टी काढता किंवा वाढवताही येते. काँक्रीटच वापरायचे असल्यास ते पोलादी चौकटीत ओतावे आणि बोल्ट ओततानाच आत बसवावेत. नंतर छिद्रे पाडल्यास हादऱ्यांनी तडे जातात. दोरी किंवा पट्ट्याने बांधलेले वजन मात्र मुळीच नको. पाते गोठलेल्या कडेवर आदळून ट्रॅक्टर जागीच थांबतो, तेव्हा सैल वजन पुढे सरकते.

प्रश्नकर्ता

चेसिसला दोन्ही बाजूंनी जुनी छिद्रे आहेत, तेव्हा पट्ट्या तेथेच बसवता येतील. पुढच्या टायरमध्ये पाणी भरले तर काही उपयोग होईल का?

उत्तर ३

साधे पाणी गोठेल, त्यामुळे न गोठणारे द्रावणच हवे. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड असते खरे, पण ते रिमला गंज चढवते. शिवाय पुढचे टायर लहान असल्याने त्यांत द्रव फारसा मावत नाही. एक फायदा मात्र आहे: चाकातले वजन थेट जमिनीवर उतरते, अ‍ॅक्सलच्या बुशवर त्याचा ताण येत नाही.

वजन लावण्यापूर्वी पात्याची उचलयंत्रणा अवश्य तपासावी. काम करताना पाते जमिनीच्या चढउतारानुसार मोकळेपणाने वरखाली व्हायला हवे. लिव्हर ते खाली दाबून धरत असेल, तर पात्याच्या टेकूवर ट्रॅक्टरचे नाकच उचलले जाते आणि नेमकी आपण सांगितलेली लक्षणे दिसतात. पुढचे टायर गवतासाठीचे गुळगुळीत असतील, तर परिघावर उभ्या धारा असलेले टायर बाजूला घसरण्यास बराच अटकाव करतात.

एवढे करूनही नाक सरकत असेल, तर पात्याचा तिरपेपणा थोडा कमी करावा, आणि मगच थोडे थोडे वजन वाढवत जावे. पुस्तिकेत पुढच्या अ‍ॅक्सलची भारमर्यादा दिलेली असल्यास पात्याचे वजनही त्यातच धरावे, कारण पाते उचलून फिरताना तो सगळा भार त्याच बुशवर येतो. हिवाळाभर तेथे वरचेवर ग्रीस भरावे आणि गवत कापण्याच्या दिवसांत पट्ट्या काढून ठेवाव्यात.