ओक अ‍ॅली की व्हिटनी? आरव्ही ट्रिपमध्ये एकच जमणार आहे

ह्यूस्टनकर: मंडळी, थँक्सगिव्हिंगला आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन न्यू ऑर्लीन्सला निघालोय. बायको, दोन मुली (९ आणि १३) आणि पुण्याहून आलेले आईबाबा. वाटेत मिसिसिपी नदीकाठचं एखादं प्लँटेशन, म्हणजे गुलाम राबवून चालवलेला जुना मळा, बघायचंय. आईने ओक अ‍ॅलीचे फोटो बघून तेच धरून ठेवलंय, थोरलीला व्हिटनी हवंय. मला तर जिथे माणसं गुलाम म्हणून राबवली तिथे झाडाखाली पोज देऊन उभं राहायचं हेच कसंतरी वाटतंय. आणि आरव्ही जाते का तिथपर्यंत?

भटकी_मावशी: व्हिटनी, डोळे झाकून. ओक अ‍ॅलीची २८ झाडं देखणी आहेतच, बंगल्याच्याही आधीची, आणि तिथेही आता गुलामांच्या खोल्या पुन्हा उभ्या केल्यात. तिथला अंटवान नावाचा गुलाम माळी, पेकन या सुक्यामेव्याच्या झाडाची कलमं बांधण्यात पटाईत, मालकाच्या मालमत्तेच्या यादीत त्याचं नाव, वय ३८ आणि पुढे किंमत १००० डॉलर, बस. पण लोक शेवटी झाडांचेच फोटो काढून निघतात हो. व्हिटनी २०१४ ला म्युझियम म्हणून उघडलं ते गुलामांच्याच बाजूने सांगायला. चर्चमध्ये शिरलात की लहान मुलांचे मातीचे पुतळे बाकांपाशी उभे असतात, माझी बडबड तिथे बंद पडली. एक सांगते, १८११ च्या उठावात मारलेल्या गुलामांच्या मुंडक्यांचं स्मारक आहे, धाकटीला तिकडे न्यायचं की नाही ते आधीच ठरवा. बाबांना सांगा, जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत ही गुलामी मोडायला झटलेल्या लोकांनाच.

साखर_कारखाना_कोल्हापूर: व्हिटनीला लोखंडी कढया ठेवल्यात त्या नीट बघा, आपल्या गुऱ्हाळातली काहीलच, फक्त अशा चारपाच ओळीने, आणि उकळता रस पळीने एकीतून दुसरीत ओतायचा, तोही गाळपाच्या हंगामात रात्रंदिवस, भाजणारच ना माणसं. हे मोडलं नॉर्बर्ट रिल्यू नावाच्या इंजिनियरने, न्यू ऑर्लीन्सचाच, आई कृष्णवर्णीय बाप गोरा, पॅरिसला शिकलेला. १८४३ ला पेटंट घेतलं, एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला तापवते आणि व्हॅक्यूममुळे रस कमी तापमानाला उकळतो. आमच्या कारखान्यात आजही इव्हॅपरेटर, म्हणजे रस आटवायची यंत्रं, त्याच तत्त्वावर चालतात, पण शिफ्टमध्ये विचारा, एकाला त्याचं नाव माहीत नसेल.

डिझेलवाला: आरव्ही आरामात जाते, टूर बसेस येतात तिथे. रस्ता दोन लेनचा, नदीच्या बांधाला लागून. नोव्हेंबरात ऊसतोड जोरात असते, उसाच्या ट्रकांमागे सरपटत जायची तयारी ठेवा, इंधन हायवे सोडायच्या आधीच भरा. आय-टेन हायवेवर अ‍ॅचफलाया बेसिनचा पूल १८ मैल लांब आहे, वारं असेल तर आरव्ही हलते, स्पीड कमी ठेवा. आणि सुट्टीच्या आठवड्यात उघडं आहे का ते वेबसाइटवर बघूनच निघा.

ह्यूस्टनकर: सगळ्यांना थँक्स, व्हिटनी फायनल. ओक अ‍ॅली पण त्याच १८ नंबरच्या रस्त्यावर दिसतंय, आईला गेटमधून झाडं दाखवतो पटकन.

डिझेलवाला: दाखवा, पण आरव्ही रस्त्यात उभी करू नका, मागचा उसाचा ट्रक हॉर्न वाजवून काकूंना दचकवेल.