मुद्दाम बिघडवलेली बटणं आणि आपण म्हणतो ‘काय भारी गेम!’

धरमपेठ_खिडकी (धागा यांचा)

आपल्या नागपूरच्या गेमिंग ग्रुपवर या आठवड्यात परत एकदा ‘क्वॉप’चा व्हिडिओ फिरला आणि परत एकदा सगळ्यांनी त्याची आरती केली. माझा सूर वेगळा आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेनेट फॉडी या ऑस्ट्रेलियन माणसाने २००८ मध्ये ब्राउझरवर फुकट ठेवलेला गेम. क्वॉप हा एका छोट्या देशाचा ऑलिम्पिकमधला एकमेव खेळाडू. त्याला १०० मीटर पळवायचं. क्यू आणि डब्ल्यू ही बटणं मांड्यांची, ओ आणि पी पोटऱ्यांची. संपलं. बहुतेक लोक दोन-तीन मीटरवर आडवे होतात. काही जण मागे पडून उणे आकड्यात जातात.

माझं म्हणणं असं की हा एक विनोद आहे, आणि विनोद एकदा ऐकून होतो. बटण दाबलं की मनातलं लगेच पडद्यावर दिसावं, यासाठी गेम बनवणाऱ्यांनी कित्येक वर्षं डोकं लावलं. इथे तेच मोडून ठेवलं आणि त्याला कल्पकता म्हटलं. पुढे तर त्याची लाटच आली. ‘सर्जन सिम्युलेटर’ २०१३ मध्ये ४८ तासांच्या गेम जॅममध्ये (ठरलेल्या वेळेत गेम बनवायचा उपक्रम) जन्मला: हाताच्या एकेका बोटाला एकेक बटण, आणि त्या हाताने हृदय बदलायचं. ‘आय ॲम ब्रेड’मध्ये आपण पावाची स्लाइस. साधं काम घ्या, भलतीच बटणं द्या, यूट्यूबवर कुणीतरी किंचाळेल, खप होईल. यात गेम कुठे आहे?

विरोधात बोला, बिनधास्त बोला. फक्त ‘तुला जमलं नाही म्हणून’ हे उत्तर नको. माझे १०० मीटर झालेत, मधल्या अडथळ्यासकट.

बर्डीचा_बंड्या

अबे, गुडघ्यावर घसटत गेला का उभ्यानं पळत गेला, ते सांग ना आधी.

धरमपेठ_खिडकी

घसटत. उभंच पळा असा नियम कुठे लिहिलाय?

बर्डीचा_बंड्या

हे पाहा! मंग तुनं गेम संपवला, खेळला नाही. एक गुडघा टेकवून खुरडत जाणं कोणालेही जमते, अर्धा तास बसायची तयारी पाहिजे फक्त. उभ्यानं पळवाले लागलं की चारही बोटांची लय बसवा लागते. क्यू न पी एका ठोक्यात, डब्ल्यू न ओ दुसऱ्या ठोक्यात, न तेही पायाचा अंदाज घेऊन. ती लय एकदा बसली का तो गडी खरंच पळते. कर्नाटकातल्या एका खेळाडूचा २०१३ चा गिनीज विक्रम हाय, ५१ सेकंद. बोल्टचे ९.५८ सेकंद पाहून हसू येईल, पण इथं ५१ म्हणजे काय चीज हाय ते खेळल्यावर समजते. बटणं मोडकी असती तं त्यात तरबेज कसं होता आलं असतं बे? मोडकी वस्तू दरवेळी वेगळी वागते. हे दरवेळी सारखंच वागते, आपणच वेगळे वागतो.

धरमपेठ_खिडकी

शेवटचं वाक्य मान्य. भौतिकशास्त्र पक्कं आहे, मधेच दगा देत नाही. पण सातत्य असणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं. आमच्या बिल्डिंगची लिफ्टही रोज त्याच मजल्यावर अडकते.

धंतोली_फिजिओ

मी गेमर नाही. भाच्याने दाखवला म्हणून खेळले आणि मग रात्री उशिरापर्यंत सोडवेना. माझं काम लोकांना परत चालायला शिकवणं, त्यामुळे हा गेम मला तुमच्यापेक्षा वेगळा दिसला असेल.

चालताना आपण ‘आता मांडी पुढे, आता गुडघा सरळ’ असा विचार करत नाही. ते काम लहान मेंदू आणि मज्जारज्जू परस्पर उरकतात. आपण फक्त ठरवतो की दारापर्यंत जायचंय. पक्षाघातानंतर पेशंट उभा राहतो तेव्हा हा परस्पर चालणारा कारभार तुटलेला असतो. मग मी सांगते, काका, आधी वजन डाव्या पायावर घ्या, आता उजवी मांडी उचला, गुडघा सोडा, टाच टेकवा. प्रत्येक गोष्ट मुद्दाम करायची. अगदी हेच फॉडीने केलंय. परस्पर होणारं काम काढून घेतलं आणि हातात चार बटणं दिली. घोट्याला तर बटणही नाही. घोट्यावर ताबा नसलेला माणूस पुढे किंवा मागे कोलमडतोच, ते मी रोज पाहते.

त्यामुळे ‘बटणं वाईट आहेत’ हे मला पटत नाही. बटणं नेमकी आहेत. शरीर चालवणं किती अवघड आहे, एवढंच ती उघडं करतात.

एकहाती

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

अपघातानंतर माझा उजवा हात फारसा चालत नाही. तुम्ही म्हणता तो ‘परस्पर होणारा कारभार’ तुटणं म्हणजे काय, ते मला खेळून कळायची गरज नाही. आता त्या व्हिडिओवरच्या कॉमेंट वाचा. माणूस लुळ्या पायांनी फरफटतो आणि लोक हसून लोळतात. हसू कशाचं येतंय? ज्याचं अंग त्याचं ऐकत नाही त्याचं. त्याला छोट्या देशाचा खेळाडू म्हटलं म्हणून ते बदलत नाही.

आणि बटणांचं म्हणाल तर क्यू-डब्ल्यू कीबोर्डच्या एका टोकाला, ओ-पी दुसऱ्या टोकाला. दोन्ही हात धडधाकट आहेत हे धरूनच केलेलं. नावाजलेला गेम, पण मी दारातच अडले.

धंतोली_फिजिओ

हसू कुणाचं, यावर मी थोडं भांडेन. माझ्या भाच्याला मी पाहत होते. क्वॉप पडला की तो क्वॉपला हसत नव्हता, ‘अरे मी काय करतोय’ म्हणून स्वतःच्या बोटांना हसत होता. पडणारा आणि हसणारा एकच असेल तर ती टिंगल होत नाही. पण नुसता व्हिडिओ पाहणाऱ्याच्या हातात बटणं नसतात, त्याच्यासाठी तो फक्त फरफटणारा माणूस उरतो. ग्रुपवर जे फिरतं ते बहुतेक व्हिडिओच असतं, त्यामुळे तुमचा राग मला अनाठायी वाटत नाही.

कीबोर्डबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. इथल्या जाणकारांनी सांगावं.

तर्री_ज्यादा

धागा फार गंभीर होऊन राहिला बाप्पा. मी मधे एक वेगळाच मुद्दा टाकतो.

खिडकीभाऊ, तुम्ही नागपुरात राहून विचारता का विचित्रपणात काय हाय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात उभे राहा. काळी न पिवळी मारबत निघते, संगं बडगे, सगळे मोठाले पुतळे. ज्याचा राग आला त्याचा बडग्या: महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. लोक ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतात न गावाबाहेर नेऊन जाळतात. बाहेरचा माणूस पाहून म्हणन, हे काय येडेपण? आपण म्हणत नाही. वेडंवाकडं असणं हीच ज्याची ताकद हाय ते आपल्याले बरोब्बर समजते. मंग एका गेमनंच सरळ चालावं हा हट्ट काऊन?

धरमपेठ_खिडकी

मारबतीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! बडग्याला निशाणा असतो. कुणावर राग आहे ते त्याच्या गळ्यातल्या पाटीवर लिहिलेलं असतं. क्वॉपचा निशाणा कोण? काहीच नाही. विचित्रपणासाठी विचित्रपणा.

मानकापूर_लेन_चार

निशाणा आहे, तुम्ही सुरुवातीची पाटी वाचली नसावी. गेम उघडताच सांगतात की आदर्श परिस्थितीत तुम्ही १०० मीटर पळाला असता, पण आमच्या प्रशिक्षणाला पैसे कमी पडले. आणि वर समजूत काढतात, जिंकणं-हरणं महत्त्वाचं नाही.

मी जिल्हा पातळीवर ४०० मीटर पळायचो. ती ओळ वाचून मी जितका हसलो तितका पुढच्या गडबडीला हसलो नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात स्पाइक्स (पळायचे खिळ्यांचे बूट) मागून आणलेल्या कुणालाही विचारा. खेळाडूकडून पदक हवं, त्याच्या खुराकाचा विषय निघाला की फाइल पुढच्या टेबलावर. एवढी धारदार ओळ, आणि त्यानंतर तो बिचारा चार पावलांत कोसळतो. बडग्याची पाटी आणखी कशी असते?

धरमपेठ_खिडकी

ओळ चांगली आहे, हे देतो. पण एका ओळीच्या जिवावर सगळा गेम निशाणेबाज होत नाही. पडल्यानंतर तुम्ही ती ओळ विसरून ‘पुन्हा सुरू’ दाबत बसता.

हिशेबी_मामा

मी पैशांचं बोलतो, कारण कुणीच बोलत नाहीये. क्वॉप फुकट आहे, त्यावर भांडण कसलं? प्रश्न विकतच्या गेमचा आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. असले विचित्र बटणांचे छोटे गेम कित्येकदा दोन तासांच्या आतच संपतात. म्हणजे जेवून, हात धुऊन, बिल परत घेऊन यायची सोय. पुतण्या तेच करतो आणि वर त्यालाच हुशारी म्हणतो. छोटा गेम करणाऱ्याने काय करावं? उगाच लांबवावा?

बर्डीचा_बंड्या

मामा, पूर्ण खेळून पैसे वापस मागणं म्हणजे चोरीच हाय, सरळ. त्यात चर्चा नाही.

ऑक्टोपसचा_बाप

मला वाटतं धाग्यात दोन वेगळ्या जातींचे गेम एकत्र झालेत, म्हणून वाद सुटत नाही.

‘ऑक्टोडॅड’ घ्या. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये केला, मोठी आवृत्ती २०१४ ची. आपण ऑक्टोपस. सूट घालून माणूस असल्याचं नाटक करतोय, बायको-पोरं आहेत, कुणाला संशय येऊ द्यायचा नाही. एकेक पाय वेगळा हलवायचा, त्यामुळे साधी कॉफी ओतताना किचनची वाट लागते. इथे बटणं अवघड नसती तर गोष्टच उरली नसती. नाटक करायची त्याची धडपड तुमच्या बोटांत येते.

याउलट खिडकी म्हणतात तशी लाटेवर आलेली पिलावळ: बटणं अवघड, पण का अवघड हे गेमला स्वतःलाच ठाऊक नाही. काढून टाकली तर काही बिघडणार नाही. त्यांना माझा पण विरोध. पण त्या पिलावळीचं पाप क्वॉपच्या माथी मारू नका. तो यूट्यूबवरच्या किंचाळ्यांच्या आधीचा आहे, आणि फॉडी पुढे त्याच वाटेवर खोल गेला. ‘गर्प’मध्ये कीबोर्डभर बोटं अडकवत कडा चढायचा. ‘क्लॉप’मध्ये युनिकॉर्नचे चार पाय चार बटणांवर. मग २०१७ मध्ये ‘गेटिंग ओव्हर इट’: कढईत बसलेला माणूस, हातात घण, माउसने तो घण अडकवत डोंगर चढायचा. एक चूक आणि थेट पायथ्याशी. मधे कुठे चेकपॉइंट नाही, म्हणजे पडल्यावर परत जायला मधला टप्पा नाही. वरून फॉडी स्वतः शांत आवाजात अपयशावर प्रवचन देतो. तो मुळात तत्त्वज्ञानाचा माणूस, पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात गेम डिझाइन शिकवायला लागला. थट्टा म्हणून कुणी इतकी वर्षं एकाच प्रश्नामागे लागत नाही.

धरमपेठ_खिडकी

हा पहिला प्रतिसाद ज्याने मला विचार करायला लावला. ‘ऑक्टोडॅड’ मी माझ्या यादीतून वगळतो. क्वॉप वगळत नाही. कारण तुमचीच कसोटी लावतो: क्वॉपची बटणं सरळ केली तर काय उरेल? उजवा बाण दाबून पळणारा माणूस. म्हणजे या गेमकडे बटणांखेरीज काहीच नाही. ना गोष्ट, ना जग, ना दुसरा टप्पा. त्याला मी हुशार खेळणं म्हणेन.

मानकापूर_लेन_चार

खऱ्या १०० मीटरमध्येही गोष्ट, जग आणि दुसरा टप्पा नसतो साहेब. लोक त्यासाठी चार वर्षं थांबतात.

तर्री_ज्यादा

😂 खिडकीभाऊ, आता काय करता?

धरमपेठ_खिडकी

ते पळणाऱ्याचं कौतुक असतं, ट्रॅकचं नव्हे. बंड्याच्या ५१ सेकंदवाल्याचं कौतुक मीही करतो. गेमचं करणार नाही.

बर्डीचा_बंड्या

ट्रॅकच खराब राहिला असता तं ते ५१ आले कुठून बे 😤

सदर_सायबर

एकहाती ताईंच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहितो. पूर्वी कॅफे चालवायचो, फ्लॅशच्या (ब्राउझरमध्ये गेम चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) काळात दर दुसऱ्या पीसीवर क्वॉप असायचा. फ्लॅशचा आधार अडोबीने २०२० च्या अखेरीस बंद केला, पण फॉडीच्या साइटवर गेम आता फ्लॅशशिवाय चालतो. गेमच्या आत बटणं बदलायची सोय नाही, ही खोट खरी. बाहेरून मात्र करता येतं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉयज’ फुकट मिळतं, त्यात ‘कीबोर्ड मॅनेजर’ आहे. ए-एस-डी-एफ ही शेजारची चार अक्षरं क्यू-डब्ल्यू-ओ-पी म्हणून लावा. डाव्या हाताची चार बोटं बसतील. खेळून झाल्यावर ते बंद करायला विसरू नका, नाहीतर ऑफिसच्या मेलमध्ये घोळ होईल. आणि कीबोर्ड अगदी स्वस्तातला असेल तर काही वेळा एकदम दाबलेली सगळी बटणं तो पकडत नाही, तेवढं आधी तपासून घ्या.

एकहाती

हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. पण हे मला बाहेरून करावं लागतंय, गेम करणाऱ्याला सुचलं नाही, हा माझा मुद्दा तसाच आहे. लॅपटॉपवर लावून पाहते. उभ्यानं पळवला तर बंड्याभाऊंना स्क्रीनशॉट पाठवते, घसटत गेला तर खिडकींच्या बाजूने भांडायला येते.

बर्डीचा_बंड्या

ताई, पयले दहा मीटर फक्त ठोका धरा, पळवाचा विचारच करू नका. स्क्रीनशॉट नका पाठवू, व्हिडिओच टाका.