मदत हवी आहे : जोशीकाकू म्हणजे लायसन्स राज?

'चिंटू' या व्यंगचित्रमालिकेच्या जुन्या कात्रणांवरून आमच्या काकांनी सिद्धांत मांडलाय. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प जुलै १९९१चा, 'सकाळ'मध्ये चिंटू अवतरला त्याच वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे चिंटूच्या शेजारच्या जोशीकाकू हे लायसन्स राज (उद्योगांवरची सरकारी परवान्यांची सक्ती), त्यांच्या कैऱ्या ही बंदिस्त बाजारपेठ आणि अंगणात पडणारा चेंडू हे परकीय भांडवल!

"काका, पोराटोरांची चित्रं आहेत ती," असं म्हणून पाहिलं. "तेच तर भासवायचं होतं," हे उत्तर. (चिंटूच्या मित्राचा, पप्पूचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही, तुम्हीही काढू नका.)

शनिवारी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर काकांचं यावर व्याख्यान आहे, रद्द होणार नाही. व्हॉट्सॲप फॉरवर्ड ते पुरावा मानत नाहीत, छापील काहीतरी लागेल. चिंटूचे जनक चारुहास पंडित किंवा प्रभाकर वाडेकरांनी जोशीकाकू कशा सुचल्या, हे कुठल्या मुलाखतीत किंवा प्रस्तावनेत सांगितलंय का?